तुझा क्लब कुठला?

बुधवारची रात्र, साडेदहा. बेव्हर्ली पार्कातून चालत जाता येईल असा एक टर्फ आहे. चहूबाजूंनी जाळी, वर फ्लडलाइट आणि शेजारच्या टॉवरमधल्या काकू दर आठवड्याला न चुकता गॅलरीत येऊन ‘किती तो आरडाओरडा’ अशा चेहऱ्यानं बघणाऱ्या. आमचा बुधवारचा ग्रुप म्हणजे सगळा नमुनाच. बीकेसीतल्या बँकेत नाडली जाणारी दोघं, एक सीए, दोन आयटीवाले, एक फिजिओथेरपिस्ट (हिची सगळ्यात जास्त गरज लागते) आणि मी. मी गोलकीपर. कारण सोप्पंय, पळावं लागत नाही.

तर परवा आयटीवाल्यांपैकी एकजण लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची जर्सी घालून आला. रेड स्टार बेलग्रेड. २०१९ साली सर्बियाला जायला आपल्याला व्हिसा लागत नव्हता (२०२३ पासून लागतो, उगाच बॅगा भरू नका). त्यामुळे हा आणि याचे तीन मित्र ‘युरोप केलं’ म्हणायला तिकडे गेले आणि स्टेडियमबाहेरच्या दुकानातून ही जर्सी घेऊन आले. तेव्हापासून स्वारी सर्बियाची अनऑफिशियल ब्रँड अ‍ॅम्बॅसेडर आहे.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा यानं सगळ्यांना विचारायला सुरुवात केली, ‘तुझा क्लब कुठला?’ मँचेस्टर युनायटेड. बार्सा. आर्सेनल (इथे सगळ्यांनी सहानुभूतीनं उसासा टाकला). माझा नंबर आला.

‘महिंद्रा युनायटेड.’

‘म्हणजे ते जीपवाले?’

‘तेच.’

‘त्यांचा फुटबॉल क्लब आहे?’

‘होता. २०१० मध्ये बंद झाला.’

तो दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिला. मग अगदी मनापासून विचारलं त्यानं, चेष्टा नव्हती त्यात. ‘पण क्लब बंद कसा होतो? दुकान आहे का ते?’

घरी येताना ते वाक्य डोक्यात अडकून बसलं होतं. अकरा वाजून गेले होते, मेट्रोच्या खांबांखालून रिक्षा सुसाट चालल्या होत्या. पप्पा अजून जागे असणार हे मला माहीत होतं.

*

माझ्या क्लबाची गोष्ट सांगायची तर पप्पांपासूनच सुरुवात करायला हवी. पप्पा मूळचे कोल्हापूरचे. कुठल्या पेठेतले ते लिहीत नाही, कारण पेठ सांगितली की तालीम कळते आणि तालीम कळली की या मासिकाचे कोल्हापुरातले निम्मे वाचक कमी होतील. १९८९ मध्ये सरकारी नोकरी लागली, ऑफिस फोर्टात. सुरुवातीला दहिसरला भाड्यानं राहिले, मग मी चार वर्षांची असताना बेव्हर्ली पार्कात वन बीएचके घेतला. त्या वेळी इथून भाईंदरकडे नजर टाकली की मिठागरं दिसायची. आजी पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली होती, ‘एवढ्या लांब समुद्रात कशाला घर घेतलंस?’

मुंबईत पप्पांना सगळं मिळालं, एक सोडून. फुटबॉल. म्हणजे मुंबईत फुटबॉल नव्हता असं अजिबात नाही. १८९१ पासून इथे रोव्हर्स कप होत होता, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या ऑफिसांच्या आणि गिरण्यांच्या टीम देशभरात नाव काढून होत्या. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, आरसीएफ, एअर इंडिया… पोरगा चांगला खेळतोय दिसलं की कंपनी त्याला नोकरीवर घ्यायची. सकाळी प्रॅक्टिस, मग मस्टरवर सही. टीम म्हणजे पगाराच्या यादीतली पंधरा-वीस नावं. पप्पांना हे पचायचं नाही. ‘आमच्यात माणूस पेठेसाठी खेळतो. हे काय, कँटीनच्या कुपनासाठी?’ असं त्यांचं म्हणणं. पण ऑफिसपासून कूपरेज चालत दहा मिनिटांवर. संध्याकाळी मॅच असली की पाय तिकडेच वळायचे. आणि हळूहळू त्यांनी त्यातल्या त्यात एक टीम ‘आपली’ करून टाकली.

महिंद्रा अँड महिंद्राची टीम १९६२ ची. आधी ऑफिस टीमसारखीच ऑफिस टीम. पण नव्वदीत चित्र पालटायला लागलं. १९९६ मध्ये नॅशनल फुटबॉल लीग सुरू झाली, परदेशी खेळाडू यायला लागले, करार, कोच, फिजिओ असे शब्द आले. बाकीच्या ऑफिस टीम मागे पडल्या, महिंद्रानं मात्र गिअर टाकला. १९९८ मध्ये ड्युरँड कप जिंकला. मग टीमचं नावच बदलून महिंद्रा युनायटेड झालं. लोक त्यांना ‘जीपमेन’ म्हणायचे. २००१ मध्ये पुन्हा ड्युरँड, २००३ मध्ये फेडरेशन कप.

आणि मग २००५-०६ चा सीझन.

मी आठ वर्षांची होते. मला शनिवार-रविवारी सोबत न्यायचं हा पप्पा आणि मम्मीमधला तह होता, त्याशिवाय पप्पांना जायला मिळायचं नाही. मीरा रोडहून चर्चगेट, म्हणजे जवळपास सव्वा तास. मग ओव्हलला वळसा घालून कूपरेज. ग्राऊंड तसं आटोपशीर. एका बाजूला छपराचा स्टँड, बाकी पायऱ्या आणि दुपारचं उन्ह. माझ्या डोक्यावर पप्पांचा रुमाल, हातात खाऱ्या शेंगदाण्यांचा कोन. मॅचमधलं मला काही कळत नव्हतं. एवढंच कळायचं की बॅरेटोकडे बॉल आला की पप्पा उभे राहतात.

होजे रामिरेझ बॅरेटो. ब्राझीलचा. मोहन बागानचा देव असलेला हा माणूस त्या सीझनला महिंद्राकडे होता. त्याच्या जोडीला घानाचा युसुफ याकुबू. बचावात गोव्याचा महेश गवळी, विंगवर आपला मुंबईचा स्टीव्हन डायस, मिडफिल्डमध्ये खालिद जमील. कोच डेरिक परेरा. त्या सीझनला या टीमनं फेडरेशन कप उचलला आणि पाठोपाठ नॅशनल लीगही. डबल! मुंबईचा क्लब पहिल्यांदा देशाचा चॅम्पियन झाला होता. कोलकात्याचे दोन्ही दादा क्लब, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, टेबलात त्यांच्याखाली होते. पुढच्या वर्षी एएफसी कपमध्ये, म्हणजे आशियातल्या स्पर्धेत, महिंद्रा क्वार्टर फायनलपर्यंत गेले. २००६ आणि २००८ ला आयएफए शील्ड, २००८ ला तिसऱ्यांदा ड्युरँड. फुटबॉलमध्ये याला सुवर्णकाळ म्हणतात.

पण एक गोष्ट आठ वर्षांच्या मलाही दिसायची. कोलकात्याची टीम आली की कूपरेज भरायचं. त्यांच्या लोकांनी. मुंबईतले बंगाली काका-काकू, कॉलेजची मुलं, लाल-पिवळे किंवा हिरवे-मरून झेंडे, ढोल. आणि चॅम्पियन महिंद्राच्या बाजूला? कंपनीचे काही लोक, बांद्र्याचे-कुलाब्याचे काही दर्दी, आणि डोक्यावर रुमाल घेतलेली मुलगी घेऊन बसलेला कोल्हापूरचा एक कारकून. मी एकदा विचारलं होतं, ‘पप्पा, आपण घरच्या ग्राऊंडवर आहोत ना? मग पाहुणे जास्त कसे?’ पप्पा म्हणाले, ‘शेंगदाणे खा.’

*

मार्च २०१०. मी सातवीत. सकाळी पेपर उघडला तर बातमी : सीझन संपल्यावर महिंद्रा युनायटेड बंद करणार. कंपनीचं म्हणणं असं की यापुढे सिनियर टीमऐवजी तळागाळातल्या, शाळांच्या फुटबॉलवर लक्ष द्यायचं आहे. पुढे शाळांची स्पर्धा त्यांनी खरंच सुरू केली, स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबला सोबत घेऊन. वाईट बेत नव्हता. हिशेबाच्या बाजूनं बघितलं तर कंपनीचं फारसं चुकलंही नव्हतं. लीगमधल्या टीमचा खर्च काही कोटींत, तिकिटांतून येणार चिल्लर, टीव्हीच्या पैशांत क्लबाला वाटा जवळपास नाहीच. ऑफिस टीम होती तेव्हा तो कामगार-कल्याणाचा एक कोपरा होता, प्रोफेशनल झाल्यावर ती बॅलन्सशीटवरची एक ओळ झाली. आणि ओळ म्हटलं की ती खोडता येते.

पप्पांनी बातमी वाचली, पेपरची घडी घातली आणि ७.४६ पकडायला गेले. रात्री जेवताना मी विषय काढला. ‘पप्पा, आता?’

‘आता काय? कंपनीची टीम होती. कंपनीनं बंद केली. आपण कोण बोलणार त्यात?’

मला राग आला होता. कोणी मोर्चा का काढत नाही? सह्या का घेत नाही? बारा-तेरा वर्षांच्या मुलीला सगळ्या गोष्टींवर मोर्चा हाच उपाय वाटतो. पण खरोखर कोणी काढला नाही. चार वर्षांपूर्वी देशात पहिली आलेली टीम मे महिन्यात शेवटची मॅच खेळली आणि संपली.

त्यात महिंद्रा काही एकटे नव्हते. नॅशनल लीगचे पहिले चॅम्पियन जेसीटी, पंजाबातल्या फगवाड्याच्या कापड गिरणीची टीम, २०११ मध्ये बंद. एअर इंडिया २०१३ मध्ये लायसन्सिंगच्या अटींत बसली नाही म्हणून लीगबाहेर. २०१६ मध्ये गोव्याच्या डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनीही आय-लीग सोडली. म्हणजे बघा, खेळून हरलेल्या टीम कमी, न खेळता गेलेल्या जास्त.

पप्पा तोवर दुसऱ्या प्रेमात पडले होते, मुंबई एफसीच्या. २००७ मध्ये निघालेला हा क्लब. नावात कंपनी नाही, शहर आहे, म्हणून पप्पांना बरं वाटलं होतं. या टीमनं आय-लीग कधी जिंकली नाही. दर वर्षी खालून चौथे-पाचवे, जीव मुठीत धरून वाचणारे. कोच कोण? तर महिंद्राचाच जुना मिडफिल्डर, खालिद जमील. २००९ ते २०१६, सात वर्षं. मध्यंतरी कूपरेजचं काम निघालं तेव्हा या मुंबईच्या टीमच्या घरच्या मॅचेस पुण्यात, बालेवाडीला व्हायच्या! पप्पा एकदा तिकडेही गेले होते, मीरा रोडहून. मम्मी आजही तो विषय काढते.

मग २०१६ मध्ये खालिदना मुंबई एफसीनं सोडलं. त्यांना मिझोरामच्या आयझॉलनं घेतलं. आयझॉल आधीच्या सीझनला खाली घसरलेली टीम, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून तिला पुन्हा आत घेतलेलं. पुढे काय झालं ते सिनेमात दाखवलं तर लोक म्हणतील, अतीच दाखवलंय. २०१७ ला खालिद यांचं आयझॉल आय-लीग चॅम्पियन झालं, आणि त्याच टेबलात शेवटच्या नंबरावर राहून मुंबई एफसी बाहेर पडलं. आणि मग बंदच झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचे कोच झाले. बातमी आली तेव्हा पप्पा टीव्हीकडे बोट दाखवून मला म्हणाले, ‘ह्यो आपला.’ ज्या दोन क्लबांमुळे तो ‘आपला’ होता ते दोन्ही आज नाहीत.

*

२०१० चा राग माझा मीच विसरले होते. तो परत आठवला दोन वर्षांपूर्वी. माझी पहिली कायमची नोकरी एका पुरवणीत होती. नाव नको. एका शुक्रवारी चार वाजता मीटिंग बोलावली, साडेचारला पुरवणी बंद. ‘स्ट्रॅटेजिक रीअलाइनमेंट’. मास कॉमला असताना आम्हाला शिकवलं होतं की मोठे शब्द आले की सावध व्हा, ते बरोबरच होतं. आमच्या टीमनं त्याच वर्षी एक अ‍ॅवॉर्डही मिळवलं होतं, ती ट्रॉफी रिसेप्शनवर तशीच राहिली. सोमवारपासून मी ‘फ्रीलान्स’. ऐकायला काय मस्त वाटतं ना!

त्या रात्री पप्पा एवढंच म्हणाले, ‘कंपनीचं असंच असतंय.’ मग थोडं थांबून, ‘जेवलीस का?’ चौदा वर्षांपूर्वी त्यांनी पेपरची घडी का घातली होती ते मला तेव्हा कळलं.

तर बुधवारी रात्री घरी आले. पप्पा जागे होतेच, मागच्या वर्षी रिटायर झाल्यापासून झोप कमी झालीये. मी त्यांना त्या लाल-पांढऱ्या जर्सीबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘रेड स्टार म्हणजे ते ९१ वाले?’

पप्पांना अंधेरीतलं नवं मेट्रो स्टेशन आठवत नाही, पण १९९१ ची युरोपियन कप फायनल आठवते. २९ मे, इटलीतलं बारी. रेड स्टार विरुद्ध मार्से. एकशेवीस मिनिटं शून्य-शून्य, मग पेनल्टीवर रेड स्टार जिंकले. प्रोसिनेच्की, सावीचेविच, पांचेव, मिहाइलोविच, युगोविच… काय टीम होती! आणि पुढच्या वर्षभरात काय झालं? ज्या देशाची ती टीम होती, तो युगोस्लाव्हिया फुटला. खेळाडू स्पेन-इटलीच्या क्लबांनी उचलले. १९९२ ला युनोचे निर्बंध आले, सर्बियाच्या क्लबांना युरोपात खेळायलाच बंदी. पैसा संपला. देशाचं नाव बदललं, मग पुन्हा बदललं, मग आणखी एकदा. रेड स्टारचं नाव तेच राहिलं. ४ मार्च १९४५ ला सुरू झालेला क्लब आजही आहे. २०१८ मध्ये सव्वीसेक वर्षांनी ते चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत परतले आणि घरच्या ग्राऊंडवर चक्क लिव्हरपूलला २-० हरवलं.

त्यांच्या शेजाऱ्यांची गोष्ट तर आणखी भारी. पार्टिझान. त्याच १९४५ च्या ऑक्टोबरात युगोस्लाव्हियाच्या सैन्यानं काढलेला क्लब. म्हणजे एका अर्थानं ऑफिस टीमच की ही! पुढे ते सैन्य गेलं, तो देश गेला. ऑफिसच राहिलं नाही आणि टीम मात्र राहिली. दोन्ही क्लब कागदोपत्री कोणा शेठच्या मालकीचे नाहीत, सभासदांची संस्था अशीच त्यांची नोंद आहे. आता फार हळवं व्हायचं कारण नाही. सरकारी आशीर्वाद, कर्जाचे डोंगर, स्टँडमधली गुंडगिरी, नव्वदीतल्या युद्धात त्याच स्टँडमधून उभ्या राहिलेल्या टोळ्या, हे सगळं त्याच इतिहासात आहे. साधूंचे मठ नाहीत ते. पण ‘हा क्लब आजपासून बंद’ असं म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाला, हे तिथे कोणाला सांगता येणार नाही.

पप्पा ऐकत होते. मग म्हणाले, ‘मग आमच्यात काय येगळंय?’

आणि उठून कपाटातून फाईल घेऊन आले.

*

ही फाईल मी लहानपणापासून बघतेय. हिरवी, दोरीची. एलआयसी, घराचे कागद, सोसायटीची मेंटेनन्स बिलं, माझी जन्मतारखेची प्रत. आत, अगदी तळाशी, कूपरेजची चार-पाच फाटकी तिकिटं निघाली. शाई उडालेली, कुठली मॅच ते वाचता येत नाही. आणि त्याखाली स्टेपल केलेला एक गठ्ठा. वर्गणीच्या पावत्या. कोल्हापूरच्या तालमीच्या. पहिली १९९० ची, एकावन्न रुपये. मग दर वर्षी एक. मुंबईला आल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. माझ्या जन्माच्या वर्षी एकशे एक.

ज्यांना कोल्हापूरचा फुटबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते (कोल्हापूरकरांनी हा पॅरा सोडला तरी चालेल, नाहीतरी चुका काढणारच आहात). तिथे टीम म्हणजे तालीम. म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा आणि त्याभोवतीचं मंडळ. गणपती तिचाच, मिरवणूक तिचीच, आणि फुटबॉलही तिचाच. छत्रपती घराण्याच्या आश्रयानं तिथे हा खेळ रुजला आणि पेठापेठांत गेला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब… यातल्या एकाही टीमनं कधी नॅशनल लीग जिंकलेली नाही. खेळलेलीही नाही. पण दोन तालमींची मॅच असली की शाहू स्टेडियम असं भरतं की आयएसएलवाल्यांनी येऊन नोट्स घ्याव्यात. हल्ली तर आफ्रिकेतले खेळाडूही आणतात, आणि दोन आठवड्यांत अख्खी पेठ त्यांना नावानं हाक मारते. सतरा वर्षांखालच्या २०१७ च्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

बाकी गुण म्हणाल तर तेही आहेत. मारामाऱ्या होतात, दगड पडतात, मॅचेस थांबतात, पोलीस येतात. माझा चुलतभाऊ एकदा डोक्याला चार टाके घालून घरी आला आणि आजीनं पहिला प्रश्न विचारला, ‘जिंकलो का?’ मला स्वतःला हे अजिबात कौतुकाचं वाटत नाही. आणि आणखी एक खटकतं, स्टेडियमच्या त्या गर्दीत बायका शोधाव्या लागतात. मी एकदा गेले होते तर चुलतभाऊ दोन्ही बाजूंना बॉडीगार्ड असल्यासारखे बसले होते. कूपरेजला रुमाल घेऊन बसणाऱ्या मुलीला कोणी असं जपलं नव्हतं, आणि गरजही पडली नव्हती.

‘पप्पा, मग महिंद्राचं काय? एवढी वर्षं गेलात की तुम्ही.’

त्यांनी तिकिटं एका बाजूला आणि पावत्या एका बाजूला ठेवल्या. ‘हे बघ, हे तिकीट. मॅच बघितली, संपलं. आवडायचे मला ते. लई आवडायचे. बॅरेटोसारखा माणूस मी आयुष्यात दुसरा बघितला नाही. पण त्यांनी मला कधी काय मागितलं नाही गं.’

‘आणि तालीम?’

‘तालीम सोडतीय का! जूनमध्ये फोन येतोच.’

*

मुंबईचं सध्याचं काय, असं तुम्ही विचाराल. मुंबई सिटी एफसी आहे, २०१४ पासून. आमच्यासाठी तर सोयीचं, अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरिना कूपरेजपेक्षा अर्ध्या अंतरावर. सुरुवातीला रणबीर कपूर मालकांमध्ये, २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या ग्रुपनं मोठा हिस्सा घेतला. मी पप्पांना दोनदा घेऊन गेले. साऊंड सिस्टीम जोरात, मुलं उभं राहून गाणी म्हणतात, अगदी एका तालात. मुली भरपूर. मला जाम आवडलं. पप्पा म्हणाले, ‘चांगलंय,’ आणि मध्यंतरात ‘शेंगदाणे मिळत नाहीत का हितं?’

१३ मार्च २०२१ ला मात्र ते सोफ्यावरून उठले होते. कोविडमुळे सगळी आयएसएल गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये चालू होती. फायनलला मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान. १-१. आणि नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगनं गोल मारला. पंधरा वर्षांनी मुंबईचा क्लब पुन्हा देशाचा चॅम्पियन. पप्पा उभे राहिले, अगदी बॅरेटोच्या वेळी राहायचे तसे. मग आजूबाजूला बघितलं. हॉलमध्ये मी, मम्मी आणि कुकर. बसले परत.

तेव्हापासून मी म्हणतेय, सीझन पास काढूया. ते ‘बघू’ म्हणतात. जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा सीझन ‘होल्ड’वर टाकल्याची बातमी आली, करारांचा घोळ. सीझन ठरल्या वेळी सुरू झालाच नाही, काही क्लबांनी तर कामकाजच थांबवलं. पप्पांनी ती बातमी मोबाईलवर वाचली. मोबाईलची घडी घालता येत नाही, म्हणून तो उलटा करून टीपॉयवर ठेवला.

त्या बुधवारच्या रात्री फाईल परत बांधताना त्यांनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, ‘या वर्षीची अजून दिलेली नाही.’ रिटायरमेंटच्या कागदपत्रांच्या धावपळीत राहून गेली होती. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी काही बोलले नाही. सकाळी चुलतभावाला फोन केला, त्यानं तालमीच्या खजिनदारांचा नंबर दिला, मी यूपीआयनं पाचशे एक पाठवले. नाव विचारलं, मी सांगितलं. दोन मिनिटं शांतता. मग त्यांचा प्रश्न, ‘म्हणजे आमच्या मुंबईच्या भाऊंची पोरगी का?’

‘हो काका.’

‘मग पावती कुणाच्या नावानं फाडू?’

मी म्हटलं, माझ्या.

तासाभरानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. तीच जुनी पावती, तोच शिक्का, फक्त कागद जरा गुळगुळीत. माझं नाव, आडनावात एक काना जास्त. आणि खाली ‘राहणार’च्या पुढे निळ्या पेनानं पेठेचं नाव. जिथे मी सलग पंधरा दिवसांच्या वर कधी राहिलेली नाही.

मी प्रिंट काढून पप्पांना दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि स्टेपलर शोधायला आत गेले.